एवदोकियाबाईंनी सुचवलेलं पुस्तक

३ ऑक्टोबर २०१३, गुरुवार

उन्हाळ्यानंतरची वाचक मंडळाची पहिली बैठक आज झाली. माझ्यासकट सातजण होते. मागच्या हिवाळ्यात मी दुष्काळावरची ती जाडजूड कादंबरी सगळ्यांच्या गळ्यात मारली आणि चौघं जी गेली ती परत फिरकली नाहीत. चूक माझीच होती. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला की माणसाला वाटू लागतं, लोकांना कंटाळा येणं हा त्यांचाच दोष.

आता वाचनगृहाच्या अध्यक्षीणबाईंना आमची शेगडीवाली खोली लोकनृत्याच्या वर्गाला द्यायची आहे. नाताळपर्यंत मंडळात दहा माणसं दिसली पाहिजेत, असं त्यांनी गोड हसून सांगितलं. म्हणून मी ठरवलं, या हिवाळ्यात रहस्यकथा. जुनी, नावाजलेली. खून, संशयित, शेवटी उलगडा. प्रत्येकाने एक पुस्तक सुचवायचं, पुढच्या गुरुवारी मतं घेऊ.

स्तामेनने अर्थातच जहाजावरच्या खुनाची सुचवली. डॅन्यूबवर चाळीस वर्षं बोटी हाकल्यावर त्याला दुसरं काय सुचणार. दवाखान्यातली नर्स बिल्याना ड्यूटीवरून तशीच आली होती, पांढऱ्या बुटांत. ती म्हणाली, काहीही चालेल, फक्त इस्पितळ नको. मी एक इंग्रजी सुचवली, बर्फात अडकलेलं घर आणि आत बाराजण.

एवदोकियाबाईंनी एक नाव सांगितलं ते कुणी ऐकलेलंही नव्हतं. ‘औषधाची वेळ’. आपल्याच गावच्या एका वकिलाने छत्तीस साली लिहिलेली. एवदोकियाबाई अठ्ठ्याहत्तरच्या. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्यांनी जन्मभर प्रूफं तपासली. एरवी बैठकीत फारसं बोलत नाहीत, आज मात्र दोनदा म्हणाल्या, “तीच घ्या. सगळ्यांनी वाचा.” त्यांचा जावई ओग्न्यान दाराजवळच्या खुर्चीवर नेहमीसारखा बसला होता. तोच त्यांना आणतो, तोच नेतो. मुलगी रालित्सा सहा वर्षं इटलीत कुणा दुसऱ्याच म्हातारीची सेवा करते आहे, आणि हिची सेवा जावई करतो. असे जावई हल्ली कुठे मिळतात.

५ ऑक्टोबर

‘औषधाची वेळ’ तळघरातल्या कपाटात सापडली. एकच प्रत. वीस पानं वाचली. एक श्रीमंत म्हातारा, त्याच्या हृदयाचं दुखणं, जवळ राहायला आलेला भाचा, आणि रोज मोजून दिलं जाणारं औषध. विसाव्या पानापर्यंत कुणी मेलं नाही. मिटून ठेवली.

दुपारी ओग्न्यान शेगडीचं धुराडं साफ करायला आला. मी सांगितलं नव्हतं, गेल्या वेळी धूर होताना त्याने पाहिलं होतं म्हणे. मधाची बरणीही आणली. गुरांचा दवाखाना बंद पडल्यापासून तो मधमाश्या पाळतो. हात धुता धुता म्हणाला, “एक सांगू का, वेनेता? आईंना ते विषाबिषाचं वाचायला देऊ नका. त्यांचं डोकं हल्ली जरा... चहा कडू लागतो म्हणतात. वसंतात डॉक्टरांनाही तेच सांगत होत्या. डॉक्टर हसले. मला हसू येत नाही.”

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी म्हटलं, काळजी करू नका.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मतदान. पहिल्या फेरीत स्तामेनच्या जहाजाला एकच मत, त्याचं स्वतःचं. दुसऱ्या फेरीत तो एवदोकियाबाईंकडे वळला. म्हणाला, आपल्याच गावच्या माणसाने लिहायचं आणि आपणच वाचायचं नाही, हे काही बरोबर नाही. तीन मतं इकडे, तीन तिकडे. समसमान झाली की मंडळाच्या प्रमुखाचं मत निर्णायक.

मी बर्फातल्या घराला मत दिलं.

खरं कारण इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार. पुस्तक कंटाळवाणं आहे हे एक झालं. पण मत देताना मी दाराकडे पाहिलं, आणि ओग्न्यानने डोळ्यांनीच आभार मानले. आज मी निळा रुमाल बांधून गेले होते. बासष्टाव्या वर्षी स्वतःला या गोष्टी विचारू नयेत.

एवदोकियाबाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, “मग मला एकटीला तरी न्यायला द्या.” ती प्रत मी त्यांच्या नावावर चढवली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज मला राग आवरला नाही. ओग्न्यान गाडी लावायला गेला होता तेवढ्यात एवदोकियाबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. उघडून पाहते तर पानापानावर पेन्सिल. शब्द खोडलेले, समासात नवे लिहिलेले, सगळ्या त्या प्रूफवाल्यांच्या खुणा. ‘म्हातारा’ खोडून ‘म्हातारी’. ‘भाचा’ खोडून ‘जावई’. ‘वाइनमधून’ खोडून ‘लिंडनच्या चहातून’. ‘रविवारी’ खोडून ‘रोज’.

मी म्हटलं, “बाई, हे वाचनगृहाचं पुस्तक आहे.”

“चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या.”

“छपाईत अक्षरं चुकतात. भाच्याचा जावई होत नाही.”

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. “शेवटपर्यंत वाचा, वेनेता. एकदाच वाचा.”

दार वाजलं आणि त्यांनी हात सोडला. ओग्न्यानने त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली आणि विचारलं, “काय चाललंय दोघींचं?” त्या म्हणाल्या, हवेबद्दल बोलत होतो. मला त्यांची कीव आली. एका मिनिटापूर्वीचंही आठवत नाही, असं मला वाटलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बाजारात बेदाणे घेताना ओग्न्यान भेटला. थंडी होती, त्याने मला बोझाचा, त्या आंबवलेल्या धान्याच्या गोड पेयाचा, पेला पाजला. बोलता बोलता मी पुस्तकाचं सांगितलं. हसत हसत सांगितलं, जशी नातवंडांची गंमत सांगावी तशी. सासूबाईंनी भाच्याचा जावई केला, वाइनचा चहा केला.

तो हसला. जरा उशिरा हसला असं आत्ता लिहिताना वाटतंय, पण त्याच्या तोंडात घोट होता. मग म्हणाला, वाचनगृहाच्या मालमत्तेचं नुकसान झालं त्याची त्याला लाज वाटते. पुस्तक द्या, रबराने एकेक पान स्वच्छ करून आणतो. मी म्हटलं राहू दे. तो ऐकेना. बाजारातून तसाच माझ्याबरोबर वाचनगृहात आला आणि घेऊन गेला.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तक परत आलं. काय सफाईने पुसलंय. रबराचा एक कण पानांत राहिलेला नाही. एवदोकियाबाई आल्या नाहीत, पोट बिघडलंय म्हणे.

नवीन दोघं आली. पावावाला आणि त्याची बायको. बाईंना सोडून आता आठजण.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आजही त्या नव्हत्या, पण ओग्न्यान एकटाच आला. दाराजवळची खुर्ची सोडून टेबलाशी बसला, एवदोकियाबाईंच्या जागी. आईंना वाटतं मंडळ चुकू नये, म्हणाला, मी ऐकून घरी सांगेन. बर्फातलं घर त्याने अख्खं वाचून काढलं होतं. खुनी कोण यावर सगळे भांडत होते, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “या माणसाची चूक एकच. त्याला घाई झाली. घरातल्या माणसाला घाई करायचं काय कारण?”

स्तामेन म्हणाला, “अरे वा, तुला तर अनुभव दिसतोय.” सगळे हसले. ओग्न्यानही हसला. बिल्याना हसली नाही, पण ती दिवसभर उभी असते, तिचे पाय दुखत असतील.

म्हणजे नऊजण झाले. आणखी एक मिळाला की खोली वाचली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

एवदोकियाबाई आल्या. मी त्यांना ओळखलंच नाही असं लिहिणं अतिशयोक्ती होईल, पण कोट त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. चीज भरलेल्या पापुद्र्यांची गरम बनित्सा ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. दिव्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “याच्याभोवती पिवळं कडं का आहे?” कुणालाच कडं दिसत नव्हतं. मला वाटलं मोतीबिंदू असेल.

बिल्यानाने त्यांची नाडी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. बराच वेळ. विचारलं, हृदयाच्या गोळ्या कोण देतं? ओग्न्यान म्हणाला, मीच देतो, डॉक्टर परवाच तपासून गेले, सगळं ठीक आहे. आणि त्यांना उठवलंच. बिल्याना नंतर मला म्हणाली, डॉक्टर परवा गावात नव्हते, बहुतेक तो दिवस चुकला असेल. मी म्हटलं, असेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बैठकीआधी त्यांच्या घरी जाऊन आले. ओग्न्यानने स्वतः घडवलेली लाकडी चप्पल मला घालायला दिली, बीनचं सूप वाढलं. घर लखलखीत आहे. बाईंची खाट खिडकीशी, उशाला चहाचा कप, वर बशी झाकलेली. त्याने आम्हाला क्षणभरही एकटं सोडलं नाही, पण त्याच्या घरात त्याने कुठे जावं?

त्यांनी विचारलं, मंडळ कुठवर आलंय. मी म्हटलं, पुस्तक संपवलं, आता पुढचं निवडायचं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, “तुम्ही फार सावकाश वाचता, वेनेता.”

ओग्न्यानने माझ्याकडे पाहून कपाळाजवळ बोट फिरवलं, दुःखाने. निघताना माझे दोन्ही हात हातात घेऊन ऊब दिली. म्हणाला, वसंतापर्यंत सगळं सुटेल. रालित्सा परत येईल असं म्हणायचं असेल त्याला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

स्तामेन सकाळी वाचनगृहात आला आणि ‘औषधाची वेळ’ मागू लागला. पुढचं पुस्तक हेच, त्या म्हातारीचं मन राखू, म्हणाला. मी म्हटलं, आधी मी संपवते मग देते. तो म्हणाला, “वेनेता, तू न वाचताच मत दिलंस?”

तो गेल्यावर खिडकीशी बसले, रागातच. अकराला सुरू केलं, चारला संपलं. कादंबरी कंटाळवाणी नाही. सुरुवातीची वीस पानंच कंटाळवाणी आहेत.

भाचा रोज जरा जास्त औषध देतो. म्हाताऱ्याची भूक जाते, उलट्या होतात, दिव्यांभोवती पिवळी कडी दिसू लागतात. गावाला तो सांगत सुटतो की मामाला भ्रम होतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

उन्हं कलली आणि प्रकाश पानावर तिरका पडला तेव्हा मला ते दिसलं. पेन्सिल पुसता येते, तिचा दाब पुसता येत नाही. बाईंनी कठीण शिशाची पेन्सिल वापरली होती, छापखान्यातली असावी. डॉक्टरांच्या वाक्याशेजारी समासात दाबून लिहिलेलं: ‘इथेही हेच म्हणाले.’ गावाला मामा भ्रमिष्ट वाटतो तिथे: ‘मला तर वृद्धाश्रमात टाकायची धमकी आहे, बोलले तर.’ एकोणिसाव्या प्रकरणात शेजारीण सगळं ओळखते आणि दार ठोठावते. तिचं नाव खोडलेलं होतं. वर अक्षरांचे चर होते, मी बोटाने वाचले. वेनेता.

२४ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. का गेले नाही ते प्रामाणिकपणे लिहिते.

एक, म्हातारी माणसं पुस्तकातलं आपल्यावर ओढून घेतात, माझ्या आईलाही प्रत्येक रोग झाला होता. दोन, ज्या माणसाने धुराडं साफ केलं, हात धरले, त्याच्या दारात जाऊन काय म्हणायचं? तीन, मी चुकीची ठरले तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि चार, मी बरोबर ठरले तर? त्या शनिवारी बाजारात मी काय केलं?

संध्याकाळी बिल्यानाला फोन केला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, औषधाच्या दुकानात तिची मैत्रीण आहे, विचारते. वीस मिनिटांनी फोन आला. एवदोकियाबाईंच्या गोळ्या महिन्याला एकदा नेल्या जायच्या. या महिन्यात तिसऱ्यांदा नेल्यात, पाकीट हरवलं सांगून. सकाळी सातला निघू, म्हणाली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ओग्न्यानने दार उघडलं, अंगात एप्रन होता. बिल्याना त्याला बाजूला सारून सरळ आत गेली. मी दारातच उभी. तो मला म्हणाला, “वेनेता, तुम्ही?” अगदी दुखावल्या आवाजात. त्या दोन शब्दांनी माझी मान खाली गेली, हेही लिहून ठेवते.

नाडी चाळीसच्या खाली होती. रुग्णवाहिकेला पस्तीस मिनिटं लागली. बिल्यानाने उशाचा कप प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या खिशात टाकला. ओग्न्यान रुग्णवाहिकेत बसायला निघाला तेव्हा ती म्हणाली, जागा नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मंडळ रद्द केलं. जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन आले. त्या शुद्धीवर होत्या, नळ्यांच्या जंजाळात. मी खूप काही बोलायचं ठरवून गेले होते, आणि त्यांची चादर सारखी करत बसले. शेवटी त्याच बोलल्या, अगदी हळू, पण एकेक अक्षर सुटं.

“मी पुस्तक वाचायला सांगितलं होतं. तुम्ही मतं मोजलीत.”

मी क्षमा मागितली. त्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं. मग विचारलं, बाकीच्यांनी वाचलं का. मी सांगितलं, स्तामेन वाचतोय, बिल्यानाने वाचलं. “पावावाल्याला पण द्या,” म्हणाल्या आणि झोपल्या.

२ डिसेंबर, सोमवार

पहाटे गेल्या. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. बिल्यानाने तो कप पोलिसांत दिला आहे, त्याचा आणि रक्ताचा अहवाल राजधानीहून यायचा आहे.

४ डिसेंबर

प्रेतयात्रेत ओग्न्यान पुढे होता. लोक रांगेने त्याचा हात हातात घेत होते, तो प्रत्येकाचे आभार मानत होता, उकडलेला गोड गहू वाटत होता. माझ्यासमोर आला तेव्हा त्याने माझ्या हातात गव्हाचा पेला ठेवला आणि म्हणाला, “घ्या, वेनेता. आईंना तुम्ही आवडायच्या.” मी धरून उभी राहिले. खाल्ला नाही.

फाटकावरच्या निधनाच्या सूचनेत त्यांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं.

रालित्सा कालच पोहोचली. मी तिला बाजूला घेऊन पुस्तकातल्या खुणांचं सांगू लागले. ती म्हणाली, “सहा वर्षं माझ्या आईचं गूमूत त्याने काढलं. तुम्ही काय काढलंत? पुस्तकं?” आणि निघून गेली. पोलिसांना ती शवचिकित्सेला नको म्हणाली आहे, असं बिल्याना सांगते. त्यांना कायद्याने तिची परवानगी लागत नसेलही, पण आमच्या गावात कुणी घरच्या माणसांशी भांडून पुढे जात नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

दुपारी रालित्साचा फोन. आवाज घोगरा. म्हणाली, आईने लिहिलेलं मला वाचून दाखवा. जसंच्या तसं, मधे काही बोलू नका.

मी खिडकीशी बसले, पुस्तक तिरकं धरलं आणि चर वाचत गेले. ‘म्हातारी.’ ‘जावई.’ ‘रोज.’ ‘लिंडनच्या चहातून.’ ती ऐकत होती. वृद्धाश्रमाच्या ओळीवर म्हणाली, परत वाचा. मी परत वाचली. मग ती म्हणाली, वृद्धाश्रमाची तर तिला धास्ती होती, तरी आईच मला फोनवर म्हणायची, मला तिकडे ठेव, पण इथे नको. मला वाटायचं, ती मला टोचून बोलतेय.

“उकरून तपासू दे त्यांना, मी सही करते,” म्हणाली आणि फोन ठेवला.

१२ डिसेंबर, गुरुवार

काल त्याला नेलं. एप्रनवरच होता म्हणतात. घर आणि नदीकाठची जमीन त्याने सप्टेंबरमध्येच स्वतःच्या नावावर करून घेतली होती, बाईंच्या सहीने. सही वेडीवाकडी आहे म्हणे. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं सरळ केली.

मंडळाला आज सतराजण आले. बसायला खुर्च्या नव्हत्या. अध्यक्षीणबाई दारात येऊन पाहून गेल्या, खोली आता आमचीच. सगळ्यांना ‘औषधाची वेळ’ वाचायची होती. मी आजारी असल्याचं सांगून घरी आले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जिल्ह्याच्या गावी जबाब द्यायला गेले. तपासनीस बाई तरुण आहे, माझी विद्यार्थिनी शोभेल अशी. तिने सगळं टंकून घेतलं, पुस्तक, खुणा, चर. अहवाल आला होता. तिने औषधाच्या दुकानातल्या नोंदी पुढे सरकवल्या आणि सांगितलं, वसंतापासून तो थोडं थोडं देत होता. या गतीने आणखी वर्ष गेलं असतं, कदाचित दोन. कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्याने मात्रा एकदम तिप्पट केली. का, ते कळत नाही. काहीतरी त्याला घाबरवून गेलं असावं.

मग तिने यादीतला पुढचा प्रश्न विचारला, मान वर न करता. “या खुणांबद्दल तुम्ही त्या वेळी कुणाला सांगितलं होतं?”

बाजारातला आमचा तो शनिवार कुणी पाहिला नव्हता. बिल्यानाला माहीत नाही. स्तामेनला माहीत नाही. तो स्वतः सांगेल असं मला वाटत नाही, त्याच्या फायद्याचं नाही ते. आणि बाई गेल्या.

“हो,” मी म्हटलं. “त्यालाच सांगितलं. सव्वीस ऑक्टोबरला.”

तिची बोटं थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझी दया येऊन तिने विचारलं, हे नोंदवायलाच हवं का, आरोपासाठी त्याची तशी गरज नाही.

मी म्हटलं, लिहा. तारखेसकट लिहा.

तिने लिहिलं. मी ते पान शेवटपर्यंत वाचलं, आणि मग सही केली.